केसरकाकूच्या दारावर

“हिला येऊन गेल्यात का?” जीपमधून उतरलेल्या डॉक्टरांनी पोलीसपाटलांना विचारलं.

“तोंडाकडे बघा ना साहेब,” पाटील म्हणाले.

मी केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होते. विळा खाली ठेवला आणि सवयीनं पदर तोंडावर ओढला. डॉक्टर बांध ओलांडून जवळ आले. “पदर राहू द्या, बाई. मला बघायचंच आहे.”

मी पदर काढला. त्यांनी मला उजेडाकडे वळायला सांगितलं. कपाळ, गाल, नाक, डाव्या डोळ्यातलं फूल, सगळं नीट बघितलं.

“किती वर्षांच्या होतात तेव्हा?”

“आठ.”

“एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. तुम्ही रोग्याच्या उशाशी बसलात तरी तुम्हाला काही होणार नाही. मला अशीच माणसं हवी आहेत. कामाला याल?”

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रातली. आमचं आसरखेडे खानदेशात, तापीपासून दोन कोसांवर. तिथून मध्य प्रदेशाची हद्द जवळच. मी सव्वीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं आणि होईल असंही कुणाला वाटत नव्हतं. बाबा गेल्यापासून चुलत्यांच्या घरी राहायचं आणि दुसऱ्यांच्या बागेत मजुरी करायची, असं चाललं होतं.

देवी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. शेजारच्या पोरींना देवी म्हटलं की देवळातली आठवते. आमच्या वेळी तो रोग होता. तीन दिवस सणकून ताप यायचा, मग तोंडापासून तळपायापर्यंत फोड उठायचे, पिकायचे, त्यांच्या खपल्या व्हायच्या. दहा जणांत तीन मरायचे. उरायचे ते माझ्यासारखे दिसायचे, नाहीतर आंधळे व्हायचे. रोग झाल्यावर औषध नव्हतं. लस होती, पण ती आधी टोचून घ्यावी लागायची, आणि लोक टोचणाऱ्याला बघून शेतात पळायचे.

“कुणाच्या घरी आहेत देवी?” मी डॉक्टरांना विचारलं.

उत्तर पाटलांनी दिलं. “केसर कासारणीच्या.”

केसरकाकूला आमच्या भागात ओळखत नाही अशी बाई नव्हती. नवरा गेल्यापासून ती डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन पाच गावं फिरायची. थोरली लेक अनसा कळमोद्याला दिली होती, आमच्यापासून अडीच कोस. धाकटा एकनाथ एकोणीस वर्षांचा, हद्दीपलीकडे कापडाच्या मागावर कामाला होता. तो अंगात ताप घेऊन घरी आला आणि चौथ्या दिवशी त्याच्या तोंडावर फोड उठले. काकूनं दाराला जुन्या लुगड्याचा धडपा लावला आणि विचारणाऱ्यांना कावीळ सांगितली.

तिनं लपवलं त्याला कारण होतं. अनसा पहिलटकरीण होती, आठवा महिना सरत आला होता. पाडवा झाला की तिला बाळंतपणाला माहेरी आणायची होती. घरात देवी आहेत हे कळलं असतं तर सासरच्यांनी तिला पाठवलंच नसतं.

ठोसर नावाचे एक लस टोचणारे होते. ते पिठाच्या गिरणीत एक चित्र घेऊन उभे राहायचे. देवी आलेल्या पोराचं रंगीत चित्र. दळायला आलेल्या प्रत्येक बाईला दाखवायचे आणि विचारायचे, “असं कुणी बघितलंय?” केसरकाकूची शेजारीण पार्वता चित्र बघताच दळण तिथंच टाकून घरी पळाली. ठोसर तिच्या मागोमाग आले. एकनाथच्या अंगावर फोड उठून तेव्हा पाच दिवस झाले होते.

डॉक्टर बेंडाळे दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आले. त्यांनी शाळेत मुक्काम ठोकला आणि दारावर चार जणांची राखण बसवली. रात्री दोघं गडी. दिवसा मी आणि लोटूआप्पा. आप्पा साठीचे होते, त्यांच्याही तोंडावर माझ्यासारखेच वण. डॉक्टरांनी आम्हाला नियम सांगितला. शेवटची खपली पडेपर्यंत घरातलं माणूस बाहेर जायचं नाही. बाहेरचं आत जायचं नाही. धान्य, रॉकेल, पाणी उंबऱ्याशी ठेवायचं. घरातली कुठलीही वस्तू, चिंधीसुद्धा, बाहेर येता कामा नये.

“आणि कुणी जबरदस्ती केली तर?” आप्पांनी विचारलं.

“माझ्याकडे माणूस धाडा. पण दार सोडू नका.”

त्याच दिवशी ठोसरांनी केसरकाकूला टोचलं. तिला लहानपणी कुणी टोचलंच नव्हतं. दोन टोकांची बारकी सुई लशीत बुडवायची आणि दंडावर एकाच जागी पंधरा वेळा टोचायची, एवढंच काम होतं ते.

“आता मला होणार नाही ना?” काकूनं विचारलं.

डॉक्टर दारात उभे होते. ते म्हणाले, “लवकर टोचलं असतं तर नक्की सांगितलं असतं. आता वाट बघायची. एक सांगा, एकनाथ आल्यापासून तुम्ही कुणाकुणाला बांगड्या भरल्या?”

मला वाटलं होतं ती सांगणार नाही. पण तिनं डोळे मिटले आणि गावागावानं सांगत गेली. नदीकडच्या गावात पाटलाची सून, हात सव्वादोनचा, हिरव्या रेशमी. त्याच आळीत सोनाराची आजी, तिचा उजवा अंगठा मोडलेला. तिला नावं सगळी आठवत नव्हती, पण हात आठवत होते. डॉक्टर लिहून घेत होते. एकतीस हात झाले. त्या एकतीस घरांत आणि त्यांच्या भोवतीच्या घरांत ठोसरांची माणसं दोन दिवसांत टोचून आली. आमच्या गावातही रोज सकाळी रांग लागायची. रांगेत जो येत नसे त्याच्या दारात ठोसर मला घेऊन जायचे. बोलायचे ते. मी नुसती उभी राहायची. माझ्या तोंडाकडे बघून बायका आपणहून पोरांचे दंड पुढे करायच्या.

पहिले चार दिवस राखण सोपी गेली. मी उंबऱ्याबाहेर बसायची, काकू आत चुलीशी. ती मला तिथूनच चहा देऊ करायची आणि मी नाही म्हणायची. एकनाथ आत पडवीत कडुलिंबाच्या पाल्यावर पडलेला. त्याचा वास बाहेरपर्यंत यायचा. काकू त्याला फडक्यानं पाणी पाजायची आणि मला विचारायची, “तुला किती दिवस झाले होते गं डोळे उघडायला?”

“पंधरा.”

“ह्याचे उघडे आहेत.”

“मग वाचेल तो.”

ती हसायची. हातात फावला वेळ होता म्हणून ती जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवत होती, अनसाच्या बाळासाठी. एका वेळी एक टाका, बारीक.

पाचव्या दिवशी दुपारी अनसाचा दीर मुरलीधर सायकलवरून आला. कडक ऊन होतं. तो गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि मोठ्यानं ओरडला, “केसरमावशी! वहिनी अडलीय!”

काकू दारात आली.

“काल संध्याकाळपासून कळा चालू आहेत,” तो म्हणाला. “सुईण म्हणते, मूल आडवं आहे. वहिनी सारखी तुमच्या नावानं हाका मारतेय. आईनं सांगितलं, मावशीला घेऊनच ये.”

“तुझ्या आईला ठाऊक नाही का इथं काय आहे ते?”

“ठाऊक आहे. तरी बोलावलंय.”

काकूनं पायांत वहाणा सरकवल्या. मी उठले आणि उंबऱ्यावर आडवी उभी राहिले.

“तुळसे, सरक.”

“नाही, काकू.”

“माझी लेक अडलीय. ऐकलं नाहीस का?”

“ऐकलं.”

मी मान वळवून मुरलीधरला म्हटलं, “शाळेत जा. डॉक्टर तिथंच आहेत, जीप आहे. वहिनीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला सांग. मूल आडवं असेल तर आई काय करणार तिथं? जा, पळ!”

तो जागचा हलेना. काकूकडे बघत राहिला.

“जा तू,” काकू त्याला म्हणाली. “मी येते मागून चालत.”

तो सायकलवर बसून गेला. मग ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी शांत होता.

“हात लाव माझ्या कपाळाला. ताप आहे का? अंगावर एक तरी पुळी आहे का? टोचून घेतलंय मी, हा बघ दंड. मी रोग्याला बघणारी आहे, रोगी नाही. आडवाटेनं जाते, कुणाला शिवत नाही.”

“तिथं गेल्यावर अनसाला शिवशील.”

“मग आईनं लेकीला शिवायचं नाही?”

तोवर गल्लीत बाया जमल्या होत्या. लोटूआप्पा काठी टेकून उभे राहिले. “जाऊ दे गं तिला,” ते म्हणाले. “बाईमाणसाचा असा प्रसंग आहे. चार तासांत परत येईल.”

“बाळंतपणाला गेलेली आई चार तासांत परत येते का, आप्पा?”

आप्पा काठी घेऊन पारापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. दारावर मी एकटी राहिले.

“हिला लेकरूबाळ असतं तर कळलं असतं,” पार्वता म्हणाली. तिचं घर भिंतीला भिंत लावून. तिच्या चारही पोरांना ठोसरांनी परवाच टोचलं होतं.

काकूनं माझा दंड धरला आणि मला बाजूला ओढलं. कित्येक वर्षं बांगड्या चढवून तिच्या हातांत जोर आला होता. मी दाराची चौकट पकडली. तिनं माझ्या हातावर बुक्क्या मारल्या, मग तोंडावर एक चपराक दिली. माझ्या ओठातून रक्त आलं. गल्लीत कुणी हललं नाही. मी चौकट सोडली नाही.

ती दमली. मग माझ्यापुढे हात जोडले तिनं. माझ्या आईच्या वयाची बाई.

“माझ्या पाया पडू नकोस, काकू,” मी म्हटलं. “मी तुला एक सांगते, मग काय ते ठरव. आमच्या घरी देवी कुणी आणल्या, ठाऊक आहे?”

“गावात साथ होती तेव्हा.”

“गावात नव्हती. आमच्या घरापासून सुरू झाली. माझी मावशी घेऊन आली. आईच्या बाळंतपणाला आली होती ती. तिच्या घरी दीर आजारी होता, ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी घरात घेतली नसती, आणि आईला दुसरं कुणी नव्हतं. आली तेव्हा धडधाकट होती, आत्ता तू आहेस तशी. ताप नाही, पुळी नाही. आईला न्हाऊ घातलं, बाळाला तेल लावलं, माझी रोज वेणी घालायची. सातव्या दिवशी तिला ताप आला. आम्हाला वाटलं, दमली बिचारी.”

काकूचे जोडलेले हात खाली आले.

“आधी बाळ गेलं. नाव ठेवायचं होतं त्याचं. मग आई. मग माझा भाऊ, पाच वर्षांचा. मावशी सगळ्यांच्या शेवटी गेली. बाबा आणि मी राहिलो. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, काकू. बहीण अडलीय म्हणून धावत आली होती ती.”

हे मी अठरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या लोकांना वाटायचं, आम्हाला देवीचा कोप झाला. मीही ते तसंच राहू दिलं होतं, कारण मावशीला नावं ठेवलेली मला चालली नसती.

केसरकाकूनं वहाणा काढल्या. मला वाटलं, पटलं तिला. पण ती म्हणाली, “ती मावशी होती. मी आई आहे,” आणि आत गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुपट्यांचं गाठोडं होतं. सहा दुपटी, वर एक कुंची.

“मी नाही जात. एवढं तरी पोचव कुणाच्या हाती. लेकराला गुंडाळायला काही नाही त्यांच्याकडे. आपल्याकडूनच जायचं होतं ना सगळं.”

मी गाठोड्याकडे बघितलं. एकनाथच्या अंथरुणापासून चार हातांवर बसून शिवलेली होती ती दुपटी.

“ते पण नाही, काकू.”

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला आजही नीट सांगता येत नाही. चपराकीचं काही वाटलं नव्हतं. तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि भिंतीशी बसली. संध्याकाळी रात्रपाळीचे गडी आले तोवर आम्ही दोघी तशाच होतो, ती आत, मी बाहेर.

मुरलीधर शाळेत गेला होता. डॉक्टर ठोसरांना घेऊन स्वतः जीपनं कळमोद्याला गेले. तिथून निघण्याआधी ठोसरांनी त्या घरातल्या सगळ्यांना टोचलं, अनसालासुद्धा, कळा चालू असतानाच. मग तिला मागच्या सीटवर आडवी घालून तालुक्याला नेलं. तिथं पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी मीच उंबऱ्यावरून सांगितली. काकू भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. “रंग कसा आहे?” एवढंच तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाण्याची घागर उचलायची आणि पाठ फिरवायची. एकनाथ सुधारत होता, उठून बसायला लागला होता.

चौथ्या दिवशी सकाळी घागर उंबऱ्यावरच राहिली. मी हाक मारली. एकनाथ आतून म्हणाला, “आईला थंडी वाजतेय.”

मी आत गेले. कपाळ चटका बसेल असं तापलेलं. कंबर फुटतेय म्हणत होती. आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्या दिवसापासून मी राखणीचं काम आप्पांवर सोडलं आणि आतच राहिले. डॉक्टर रोज यायचे, नाडी बघायचे. एकदा बाहेर मला म्हणाले, “आपण चार दिवस आधी पोचायला हवं होतं. तेव्हा टोचलं असतं तर बहुतेक वाचली असती.”

ताप तीन दिवस राहिला. मग जरा उतरला आणि फोड उठायला लागले, आधी तोंडावर, मग हातांवर. इतके दाट की बोटांमध्ये मोकळी जागा उरली नाही. त्या सकाळी ती शुद्धीवर होती. तिनं दोन्ही हात उजेडात धरून उलटसुलट करून बघितले.

“आज कितवा दिवस पोरीला?” तिनं विचारलं.

“आठवा.”

ती मोजत असावी. मग म्हणाली, “मी गेले असते तर ह्या हातांनी तिला न्हाऊ घातलं असतं.”

मी तिला पाणी पाजलं. अर्धं बाहेर आलं.

“तरी पण,” ती म्हणाली, “एकदा बघायला पाहिजे होती मला.”

नंतर ती धड असं काही बोलली नाही. घशात फोड झाले होते. अंगावर फोड उठल्यापासून नवव्या दिवशी दुपारी ती गेली. मी तिथंच होते.

तिरडीला खांदा द्यायला देवी येऊन गेलेली माणसंच हवी होती. गावात तशी चार निघाली. लोटूआप्पा, रात्रपाळीचे दोघं, आणि चौथी मी. बाईनं खांदा द्यायचा नसतो असं कुणी त्या दिवशी म्हणालं नाही. एकनाथच्या तळपायात खपल्या उरल्या होत्या. त्या डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक काढल्या, त्याला औषधाच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि मगच अग्नी द्यायला सोडलं. घरातलं अंथरूण-पांघरूण, लुगडी, ती सहा दुपटी, सगळं परसात जाळलं. जाळायचं कामही माझंच होतं.

डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे नवा रोगी निघाला नाही तर आसरखेडे सुटलं. मी रोज मोजत होते. पार्वताच्या धाकट्याला मध्येच ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं. तो गोवर निघाला. सहा आठवडे झाले, ठोसरांनी पुन्हा एकदा घरोघर चित्र दाखवलं आणि राखण उठली.

त्याच आठवड्यात अनसा आली. पाच गावांत गोष्ट पोचलीच होती, कुणी अडवलं ते तिला सांगायची गरज नव्हती. ती माझ्या चुलत्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली, मूल खांद्यावर. आईसारखीच उंच.

“तू माझ्या आईला येऊ दिलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाही दिलं.”

“मी तिला रात्रभर हाका मारत होते.”

“मुरलीधरनं सांगितलं होतं.”

“शेवटी काय म्हणाली?”

मला खोटं बोलता आलं असतं. तू बरं केलंस म्हणाली, असं सांगितलं असतं तर दोघींनाही सोपं गेलं असतं. पण जे होतं तेच सांगितलं. हातांचं वाक्य सांगितलं आणि त्यानंतरचंही. चपराकीचं सांगितलं. दुपट्यांचं सांगितलं. ती उभ्याउभ्या ऐकत होती. दुपट्यांचं ऐकल्यावर खाली बसली आणि मुलीला मांडीत घेऊन रडली. मी जवळ गेले नाही. जावं असं वाटलं, पण तो हक्क आपला नाही हे कळत होतं.

डोळे पुसून ती म्हणाली, “हिला टोचायचं राहिलंय. सासू नको म्हणते. कोवळं लेकरू आहे म्हणते. ठोसर दोनदा परत गेले. तू चल माझ्याबरोबर.”

“माझं ऐकेल ती?”

“तुझं नाही. पण तू चल.”

आम्ही ठोसरांना घेऊन कळमोद्याला गेलो. सासू ओसरीवर तांदूळ निवडत होती. माझं तोंड बघून तिनं सूप बाजूला सारलं.

“आता कशाला टोचायचं?” ती म्हणाली. “साथ गेली ना? गाव मोकळं झालं म्हणतात. एवढ्याशा जिवाला पंधरा वेळा भोसकायचं?”

ठोसर काही समजावणार होते. अनसानं त्यांना थांबवलं.

“माझ्या आईलाही टोचलं होतं, आत्याबाई,” ती म्हणाली. “उशिरा टोचलं होतं.”

तिनं मुलीचं झबलं खांद्यावरून खाली केलं आणि दंड ठोसरांपुढे धरला. ठोसरांनी सुई बुडवली. पोर लाल होऊन ओरडली. अनसानं दुसऱ्या हातानं तिचं कोपर घट्ट धरलं होतं, ते शेवटच्या टोचण्यापर्यंत हललं नाही. म्हातारी उठून आत गेली. जाताजाता म्हणाली, “चहा टाकते.”

पुढं दोन वर्षं मी ठोसरांबरोबर फिरले. गिरणी, बाजार, शाळा, पारध्यांची पालं, उसाच्या टोळ्या. एकच चित्र आणि एकच प्रश्न, असं कुणी बघितलंय का. लोक नाही म्हणायचे. आधी आम्हाला वाटायचं, लपवतात. मग घरात शिरून बघायचो. खरंच नसायचं. काही गावांत तर लहान पोरं चित्र बघून विचारायला लागली, ह्याला काय झालंय म्हणून. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यानंतर देशातच रोगी मिळेना. आणखी दोन वर्षांनी डॉक्टर बेंडाळे त्यांची बदली झाली होती तिथून मुद्दाम आसरखेड्याला आले. म्हणाले, देवी देशातून गेल्या, तसा कागद झालाय. आपल्या तालुक्याची यादी त्यांनी तपासली होती. तिच्यात शेवटचं नाव केसरकाकूचं होतं.

ते अनसाला सांगायला मी कळमोद्याला चालत गेले. तिची मुलगी तीन वर्षांची झाली होती, अंगणात धुळीत खेळत होती. अनसा पाटी भरत होती. आईचा धंदा तिनं चालवला होता. मी सांगितलं ते तिनं हातातली बांगड्यांची माळ तशीच धरून ऐकलं.

“शेवटचं नाव? नक्की?”

“नक्की. डॉक्टरांनी स्वतः बघितलं.”

“म्हणजे आईकडून पुढं कुणाला गेल्या नाहीत?”

“कुणालाच नाही.”

तिनं माळ पाटीत ठेवली. मुलीला हाक मारली, तिचे धुळीचे हात स्वतःच्या पदरानं पुसले आणि म्हणाली, “ये, बस इथं. ह्या तुळसामावशी. तुझ्या आजीजवळ शेवटपर्यंत ह्याच होत्या.”